वॉश वाळला की डाग उमटतात? मिनिएचरच्या शेडिंगची तपासणी, सोप्याकडून अवघडाकडे

मिनिएचर म्हणजे हाताने रंगवायची छोटी फिगर. तिचा बेसकोट, म्हणजे खालचा मूळ रंग, छान बसलेला असतो, वॉश, म्हणजे खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग, ओला असेपर्यंत फिगर झकास दिसते, आणि वाळल्यावर झग्यावर नकाशा उमटतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक फिगर्सचं दुखणं हेच. घेऊन येणारा हमखास बाटलीला दोष देतो आणि दुसऱ्या ब्रँडचा वॉश घ्यायला निघालेला असतो. बाटली क्वचितच दोषी निघते. पृष्ठभागावर पाणी किती पडलं, ते कुठे साचलं आणि वाळताना त्याला कोणी हात लावला, यातच बहुतेक डागांचं मूळ असतं. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी खालच्या क्रमाने तपासत जा. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत.

आधी डाग नीट बघा

दिवा फिगरच्या एका बाजूला ठेवा आणि उजेड तिरका पडू द्या. वरून सरळ उजेड असला की चकाकीतला फरक लपतो. मग कोणतं लक्षण जुळतं ते ठरवा.

- ढाल, झग्याची पाठ, मांडीचं चिलखत अशा सपाट भागावर गडद काठ आणि आत फिकट रंग: पाणी साचून वाळलं.
- खाचा आणि उंचवटे सारखेच मळले, फिगर नुसतीच एक छटा गडद झाली: वॉश जास्त लागला, किंवा खालचा थर फार खरखरीत आहे.
- चंद्रकोरीसारखा ओरखडा आणि त्यात खालचा रंग उघडा: अर्धवट वाळलेल्या वॉशवर ब्रश फिरला.
- बेसकोटच सुटून वॉशमध्ये कालवला गेला: खालचा थर कच्चा, किंवा पाण्याने पुन्हा विरघळणारा.
- वॉश पसरत नाही, थेंब थेंब होऊन आकसतो: तेलकटपणा.
- खाचांत पांढरट भुकटी किंवा धूसर साय: न ढवळलेली बाटली, जड पाणी किंवा व्हार्निश.
- मॅट फिगरवर मधेच तुकतुकीत ठिगळ: पुन्हा बाटली, नाहीतर एका जागी जाड थर.
- टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल टिकल्या: बुडबुडे फुटून राहिलेल्या खुणा.

दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर सगळ्यात वरच्या थरापासून सुरुवात करा. फिगर धुऊन काढायचा विचार आत्ताच नको.

बाटली

वॉशमध्ये रंगद्रव्य असतंच, पण चकाकी मारण्यासाठी मॅटिंगची बारीक भुकटीही असते, बहुधा सिलिका. बाटली आठवडाभर उभी राहिली की ही भुकटी तळाला बसते. वरचा भाग वापरलात तर चकाकतं, तळाचा गाळ आला तर खाचांत पांढरट दिसतं. नुसती बाटली हलवून भागत नाही. टूथपिकने तळ खरवडून ढवळा, मग हलवा, मग बुडबुडे बसेपर्यंत थांबा. झाकणातून थेट ब्रश भरण्याची सवय असेल तर ती सोडा, पॅलेटवर थेंब काढून घ्या. तिथे तो नीट दिसतो.

ब्रशमध्ये किती आहे

मला एकच तपासणी करू दिली तर मी हीच करेन.

1997 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडलेल्या कॉफीच्या डागाला गडद कडा का येते, हे दाखवून दिलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते, काठाजवळचं पाणी जास्त वेगाने उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी काठाकडे वाहतं आणि येताना कण घेऊन येतं. सगळे कण काठावर जमा होतात. झग्याच्या पाठीवर नेमकं हेच घडतं. थेंब जेवढा मोठा, तेवढा वाळायला वेळ जास्त आणि काठाकडे जाणारे कणही जास्त. म्हणजे थेंब बनूच दिला नाही तर कड येत नाही.

करायचं असं. ब्रश वॉशमध्ये बुडवा, पॅलेटच्या काठाला पुसा, मग ब्रशचं पोट टिश्यूला एकदा टेकवा. टोक नव्हे, पोट. जास्तीचं पाणी तिथेच साठलेलं असतं आणि फिगरला टोक टेकवल्या टेकवल्या तेच भसकन उतरतं. बरेच लोक टोक पुसतात, ते कोरडं दिसतं म्हणून निर्धास्त होतात आणि पुढच्याच फटक्याला तळं साचतं. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा. रेघेला फुगीर कड असेल तर पाणी अजून जास्त आहे. ओलसर पण सपाट रेघ उमटली की ब्रश तयार.

पाण्यात ब्रश धुतल्यावर तो तसाच वॉशमध्ये घालू नका. धातूच्या कड्यात अडकलेलं पाणी थोड्या वेळाने खाली उतरतं आणि अर्ध्या झग्यावर वॉश एकदम पातळ होतो. धुतल्यावर टिश्यूवर ब्रश आडवा दाबून घ्या.

ब्रश शेवटी कुठे उचलता यालाही तितकंच महत्त्व आहे. ओला ब्रश जिथे पृष्ठभाग सोडतो तिथे सगळ्यात जास्त रंग ठेवतो. म्हणून फटका नेहमी उजेडाकडून सावलीकडे: उंचवट्यावर टेकवा, घडीच्या तळाशी उचला. उलटा मारलात तर गडद ठिपका नेमका उंचवट्यावर बसेल आणि मग हायलाइटने, म्हणजे वरच्या उजळ रंगाने, तो झाकत बसाल.

हात आवरा

वॉश लावल्यावर पहिली एक-दोन मिनिटं तुमची. त्या वेळात साचलेलं पाणी धुतलेल्या, जेमतेम ओलसर ब्रशने टिपून घ्या. ब्रश नुसता टेकवायचा, केस स्वतःच पाणी ओढतात. यासाठी दुसरा ब्रश हाताशी ठेवा, जुना चालतो.

त्यानंतर हात लावायचा नाही. ॲक्रिलिक वाळताना पाणी उडतं आणि बाइंडरचे, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या घटकाचे, कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात. काठ आधी धरतो, मध्य ओला राहतो. तिरक्या उजेडात बघितलंत तर हे दिसतं: मधे चकाकतं बेट, भोवती निस्तेज पट्टा. त्या पट्ट्यावरून ब्रश गेला की पापुद्रा फाटतो आणि गुंडाळत निघतो. वर लिहिलेली चंद्रकोर ती हीच. ती तेव्हाच सुधारायला जाऊ नका. किमान अर्धा तास जाऊ द्या, मग बेसकोटच्या रंगाने बुजवा.

हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर आणि लांबून. जवळून जोराचा झोत मारला की तो वॉश ढकलत नेतो आणि नवी कड तयार करतो. गरम झोताने पातळ प्लॅस्टिकच्या तलवारी आणि भाले वाकतात.

फिगर वाळवता कशी

उभी ठेवली की गुरुत्वाकर्षणाने झग्याच्या खालच्या काठाशी, बुटांभोवती आणि ढालीच्या तळाला पाणी जमतं. अख्ख्या फिगरला एकदम वॉश लावण्याऐवजी एक बाजू लावा, ती वर येईल अशी आडवी ठेवा, वाळू द्या, मग दुसरी. वेळ लागतो, पण डाग बुजवायला त्याहून जास्त लागतो.

पाणी की मीडियम

वॉश जड वाटला की बहुतेक जण पाणी घालतात. थोडं चालतं. जास्त झालं की बाइंडर विरळ होतो, कण मोकळे पडतात आणि काठाकडे आणखी सहज वाहतात. शिवाय पाण्याचा पृष्ठताण मोठा असतो, त्यामुळे ते सपाट जागी गोळा व्हायला बघतं. मीडियम म्हणजे रंगद्रव्य नसलेला रंगच. त्याने छटा फिकी होते, पण पापुद्रा तसाच धरतो. सिटाडेल या ब्रँडचं लाहमियन मीडियम किंवा कोणतंही मॅट ॲक्रिलिक मीडियम घ्या. सपाट भागांसाठी मी वॉश आणि मीडियम निम्मेनिम्मे घेऊन सुरुवात करतो आणि गरज पडली तर दुसरा हात देतो.

फ्लो इम्प्रूव्हर पृष्ठताण कमी करतो आणि वॉश खाचांत पळतो. अगदी थोडा घाला. जास्त झाला तर थर चिकट राहतो. भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब घालायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. फेस होतो आणि टिकल्यांच्या खुणा वाढतात. नळाचं पाणी जड असेल आणि खाचांत पांढरं दिसत असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरून बघा. पाणी उडालं तरी क्षार मागे राहतात.

2019 पासून काँट्रास्ट प्रकारचे एका थरात बेस आणि शेड देणारे रंग रुळलेत. त्यांनाही हेच नियम लागू, किंबहुना जास्त कडक. त्यांत रंग गडद असतो, त्यामुळे एक साचलेला थेंबही लांबून दिसतो.

छटा चुकली तर तोही डागच दिसतो

हा भाग थोडक्यात. पिवळ्यावर काळा वॉश गेला की हिरवट, मळकट दिसतं. तिथे तपकिरी घ्या. त्वचेला रीकलँड फ्लेशशेडसारखी लालसर तपकिरी, चामड्याला आणि कापडाला ॲग्रॅक्स अर्थशेड, पोलादाला काळसर नुल्न ऑइल (हे तिन्ही सिटाडेलचे वॉशच), हा नेहमीचा हिशेब चुकत नाही. पांढऱ्या कापडावर अख्खा वॉश लावूच नका, फक्त घडीच्या तळाशी पातळ राखाडी द्या. शंका असेल तर मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. सावली आणि उजेड वेगळे दिसले तर गडदपणा बरोबर आहे आणि दोष छटेत आहे. सगळंच एकसारखं राखाडी दिसलं तर छटा कितीही बदला, काही उपयोग नाही.

खालचा थर

इथून पुढे वेळ आणि थोडे पैसे लागतात.

पहिला प्रश्न: बेसकोट पक्का आहे का? हाताला कोरडा लागतो म्हणजे पक्का झाला असं नाही. ब्रशने किंवा एअरब्रशने दिलेल्या प्रायमरला, म्हणजे बेसकोटच्याही खालच्या पहिल्या थराला, मी रात्रभर ठेवतो. शक्य असेल तर पूर्ण 24 तास. शिवाय एका थराचे काही रंग वाळल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळतात. तळपायाखाली, न दिसणाऱ्या जागी, ओल्या कॉटन बडने हलकेच चोळा. बडवर रंग आला तर त्यावर थेट वॉश टाकू नका. आधी व्हार्निशचा पातळ थर हवा.

दुसरा प्रश्न: पृष्ठभाग किती खरखरीत आहे? हे ओळखलं की अर्धे प्रश्न सुटतात. मॅट थर डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण बारकाईने बघितला तर तो खडबडीत असतो आणि म्हणूनच चकाकत नाही. त्या खडबडीत थेंबाची कड लगेच अडकते. कॉफीच्या डागातली पहिली अट, कड चिकटून राहणं, इथे आयतीच पूर्ण होते. शिवाय रंगाचे कण उंचवट्यांवरच अडकतात आणि फिगर सरसकट मळते. ग्लॉस थरावर कड सरकू शकते, पाणी आपसूक खाचांकडे ओघळतं आणि उंचवटे स्वच्छ राहतात.

म्हणून चिलखत, यंत्रं, चाकं अशा कठीण कडांच्या गोष्टींवर वॉशआधी ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग वॉश. उंचवट्यावर चुकून राहिलेला ठिपकाही ओल्या बडने तेव्हाच पुसता येतो. शेवटी सगळ्यावर मॅट व्हार्निश दिलं की चकाकी जाते. चेहरे, केसाळ कातडी आणि जाड लोकर यांना मी ग्लॉस देत नाही. तिथे थोडा मळकटपणा शोभतो आणि वॉशला धरायला खरखर हवीच असते.

वॉश थेंब थेंब होऊन आकसत असेल तर कारण बहुधा साच्यातून काढताना लावलेलं तेल, किंवा बोटांचा घाम. रेझिनच्या फिगरवर हे नेहमीचं. रंगवण्याआधी कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, वाळवा. रंगवताना फिगर दांडीवर किंवा बाटलीच्या झाकणावर चिकटवून धरा, थेट बोटात नको. आधीच रंगवलेल्या फिगरला साबणाच्या पाण्यात भिजवलेलं, पिळून घेतलेलं कापड हलकेच फिरवलं तरी बऱ्याचदा भागतं.

सगळं संपल्यावर साय आली तर

शेडिंग उत्तम झालं, मॅट स्प्रे मारला आणि खाचा पांढरट झाल्या, तर वॉशचा काही दोष नाही. दमट हवा, न हलवलेला कॅन, फार लांबून मारलेला आणि हवेतच वाळून भुकटी झालेला स्प्रे, किंवा एकदम जाड थर, यापैकी काहीतरी आहे. पावसाळी हवेत स्प्रे नकोच, ब्रशचं व्हार्निश घ्या. साय आलेल्या जागी ब्रशने पातळ ग्लॉस व्हार्निश दिलं की बऱ्याचदा ती पारदर्शक होते, कारण भुकटीच्या कणांमधली हवा भरली जाते. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. मी आधी एका कोपऱ्यावर करून बघतो.

तरीही सपाट भाग डागाळत असेल

मग तिथे वॉश हे हत्यारच चुकीचं आहे. मोठ्या, गुळगुळीत झग्याला वॉशची शिस्त लागत नाही, तिथे ग्लेझ, म्हणजे अगदी पातळ, पारदर्शक रंगाचे थर, लावा. बेसकोटचाच गडद भाऊ घ्या, एका भाग रंगाला चार-पाच भाग मीडियम आणि पाणी. छापील कागदावर फटका मारला तर खालची अक्षरं स्पष्ट वाचता यायला हवीत. ब्रश जवळजवळ कोरडा करा आणि वर सांगितल्याप्रमाणे सावलीकडे ओढा. पहिला थर दिसतही नाही, तिथे धीर सोडून रंग दाट करू नका. प्रत्येक थर पूर्ण वाळला की पुढचा, दर वेळी थोडा आत सुरू करून. चौथ्या-पाचव्या थराला घडी खोल जाते.

आधीच पडलेला डागही असाच जातो. खाचेतला गडदपणा ठेवा, फक्त सपाट भागावर बेसकोटचा पातळ केलेला रंग दोन हात द्या, मग सांध्यावर ग्लेझ. घासून काढायचा प्रयत्न केलात तर तिथे चकाकता खड्डा राहतो आणि तो व्हार्निशनेही लपत नाही.

ऑइल वॉश हा याहून महाग, पण फार क्षमाशील मार्ग. पक्क्या ॲक्रिलिकवर व्हार्निश, त्यावर गंधरहित मिनरल स्पिरिटमध्ये पातळ केलेला तैलरंग, आणि काही वेळाने त्याच स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या कॉटन बडने उंचवटे पुसणं. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे तासाभराने वाटलं तरी सुधारता येतं. पुढचा थर देण्याआधी एक-दोन दिवस ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ ज्योत नको. तैलरंगातल्या अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

थांबायची जागा

थरांवर थर चढून चेहऱ्याचे नाक-डोळे बुजले असतील तर आणखी रंग चढवून उपयोग नाही, रंग उतरवावा लागतो. कडक प्लॅस्टिक आणि धातूवरचं ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतं. रेझिन आणि मऊ प्लॅस्टिकवर आधी लहानशा तुकड्यावर तपासा. ॲसिटोनने कडक प्लॅस्टिक विरघळतं, ते लांब ठेवा. हातमोजे, चष्मा आणि वारा हवाच. सॉल्व्हंटमुळे डोकं दुखलं किंवा गरगरलं तर काम बंद करून मोकळ्या हवेत या. बरं वाटलं नाही तर सरळ डॉक्टर.

काही फिगर्सना मात्र हात लावू नका. जुनी शिशाची फिगर असेल आणि तिच्यावर पांढरी-राखाडी भुकटी दिसत असेल तर ते शिसं सडतंय. ती भुकटी विषारी असते. घासू नका, फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. हातमोजे घालून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि धातूच्या वस्तूंचं संवर्धन करणाऱ्याला दाखवा. लाकडी कपाटातली आम्लयुक्त हवा हे त्याचं एक नेहमीचं कारण, तेव्हा बाकीच्या फिगर्सही तिथून हलवा. दुसऱ्याने रंगवलेली संग्रहातली मौल्यवान फिगर, किंवा खालचा रंग एनॅमल आहे की लॅकर हेच कळत नाही अशी फिगरही जाणकाराकडेच द्या. तिथे एका बडच्या फटक्याने मूळ काम जातं आणि ते परत आणता येत नाही.

कमिशनवर काम करणाऱ्या चित्रकाराला देणार असाल तर तिरक्या उजेडातले फोटो, प्रायमरपासून व्हार्निशपर्यंत कोणते थर कोणत्या क्रमाने दिलेत त्याची यादी आणि फिगर प्लॅस्टिकची, रेझिनची की धातूची, एवढं आधीच कळवा. डाग वॉशचा आहे की व्हार्निशचा, हे त्याला फिगर हातात घेण्याआधी बऱ्याच अंशी त्यावरून सांगता येतं, आणि खर्चाचा अंदाजही तिथेच ठरतो.